छोट्या ज्युनिपर बोन्सायसाठी कुंडी निवडताना

बोन्सायची नव्यानं आवड लागलेली मंडळी बहुतेक वेळा आधी कुंडी आवडली म्हणून घेतात आणि मग तिच्यात मावेल असं झाड शोधतात. ज्युनिपर या सदाहरित सूचिपर्णी झाडाच्या बाबतीत हा क्रम महागात पडतो. वड किंवा जेड चुकीच्या कुंडीतही तग धरतात, आणि बिनसलं तर पानं पिवळी करून वेळेवर सांगतात. ज्युनिपर सांगत नाही. मुळं कुजली किंवा करपली तरी त्याची पालवी कित्येक आठवडे हिरवीच दिसते. रंग उतरल्याचं लक्षात येतं तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणून कुंडी आधी मुळांसाठी आणि पाण्यासाठी निवडायची, रूप त्यानंतर. खाली दिलेली मापं १५ ते ३० सेंटीमीटर उंचीच्या, नाशिकच्या गच्चीवर किंवा उघड्या बाल्कनीत वाढणाऱ्या झाडासाठी आहेत. दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ज्युनिपर जगत नाही. त्याला रोज चार-पाच तास थेट ऊन आणि वाहती हवा लागते. कुंडी कितीही चांगली असली तरी यात बदल होत नाही.

झाड तयार आहे का?

गंगापूर रस्त्यावरच्या किंवा इतर कुठल्याही रोपवाटिकेत ‘ज्युनिपर’ म्हणून जी रोपं मिळतात त्यांत साधारण दोन प्रकार दिसतात. एक पसरट वाढणारा, टोचऱ्या सुईसारख्या पानांचा. दुसरा चिनी ज्युनिपरच्या कुळातला, दोरीसारख्या मऊ, खवलेदार पालवीचा, शिम्पाकू त्यातलाच. दोघांच्या कुंडीचे नियम सारखेच.

मातीलगत खोड अंगठ्याएवढं, म्हणजे अडीच सेंटीमीटरच्या आसपास झालेलं नसेल तर उथळ बोन्साय कुंडी अजून दोन-तीन वर्षं लांबवा. उथळ कुंडीत वाढ मंदावते. ती त्यासाठीच असते. खोड जाड होतं ते मोकळ्या वाढीतून, आणि मोकळ्या वाढीला खोल, हवेशीर जागा लागते. अशा रोपासाठी ८ इंची प्लॅस्टिकची कुंडी किंवा भाजी धुवायची जाळीदार टोपली उत्तम. टोपलीच्या भोकांशी मुळाचं टोक हवेला लागून सुकतं आणि मागे नवे फाटे फुटतात. दोन वर्षांत बारीक मुळांचं दाट जाळं तयार होतं, आणि पुढे बोन्साय कुंडीत जाताना हेच जाळं कामी येतं. या टप्प्यावर दिसण्याचा विचार करू नका. टोपलीतलं ज्युनिपर निरोगी असेल तर ते योग्य जागी आहे.

चार मापं

कुंडी बघायला जाण्याआधी घरी टेप घेऊन चार मापं लिहून ठेवा. मातीपासून शेंड्यापर्यंतची उंची. फांद्यांचा सर्वांत रुंद पसारा. मुळं जिथे फाकतात त्याच्या लगेच वर खोडाची जाडी. आणि मुळांच्या गड्ड्याची लांबी, रुंदी, खोली. चौथं माप बहुतेक जण विसरतात. वरून सुंदर दिसणाऱ्या कुंडीत गड्डा मावत नाही हे मग घरी आल्यावर कळतं, आणि बसवण्याच्या नादात नको तेवढी मुळं कापली जातात.

आता ढोबळ नियम. झाड उंच असेल तर कुंडीची लांबी उंचीच्या दोन-तृतीयांश. पसारा उंचीपेक्षा मोठा असेल तर पसाऱ्याच्या दोन-तृतीयांश. कुंडीची रुंदी अशी की पुढच्या-मागच्या फांद्या काठाबाहेर थोड्या डोकावतील. खोली खोडाच्या जाडीएवढी.

समजा झाड २४ सेंटीमीटर उंच, पसारा ३० आणि खोड ३ सेंटीमीटर. पसारा मोठा, म्हणून लांबी २०. रुंदी १४ पुरेल. नियमाप्रमाणे खोली ३. इथे थांबा. हा शेवटचा आकडा प्रदर्शनात मांडलेल्या, मुळं पक्व झालेल्या झाडासाठी ठीक आहे. नाशिकच्या गच्चीसाठी आणि नव्या हातांसाठी नाही. इथे ५ सेंटीमीटर घ्या. का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

खोली: सगळ्यात महत्त्वाचं माप

कुंडीचं माप दुकानात बाहेरून सांगतात. मुळं मात्र आत राहतात. भिंत पाऊण सेंटीमीटर आणि तळ-पाय मिळून एक सेंटीमीटर धरला तर २० × १४ × ३ च्या कुंडीत आतली खोली २ सेंटीमीटर उरते आणि माती मावते साधारण ४५० मिलिलिटर. खोली ५ केली की माती ९०० मिलिलिटरच्या आसपास जाते. दोनच सेंटीमीटरनी माती दुप्पट. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीजवळ असताना, तापलेल्या गच्चीवर पहिली कुंडी दुपारी एकलाच कोरडी पडेल. दुसरी सकाळ-संध्याकाळच्या पाण्यावर निभावेल. नोकरीवर जाणाऱ्या माणसाचं झाड या फरकावर तरतं.

मग पावसाळ्यात जास्त मातीत जास्त पाणी साचणार नाही का? उलट. पाणी घातल्यावर जादा पाणी भोकांतून निघून जातं, पण तळाशी एक थर पाण्यानं पूर्ण भरलेला राहतो. मातीच्या कणांमधल्या बारीक फटी ते पाणी धरून ठेवतात, आणि या थराची उंची कणांच्या आकारावर ठरते. कुंडी उथळ की खोल यावर नाही. घरी करून बघा: भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. पाणी टपकायचं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळेल. स्पंज तोच, फक्त उंची वाढली.

हा ओला थर समजा दीड सेंटीमीटरचा आहे. आत २ सेंटीमीटर खोली असलेल्या कुंडीत मुळांना हवेशीर जागा अर्धाच सेंटीमीटर मिळते. ४ सेंटीमीटर खोलीत तीच जागा अडीच सेंटीमीटर होते. म्हणजे थोडी जास्त खोली उन्हाळ्यात पाणी पुरवते आणि पावसाळ्यात हवा. त्र्यंबक-इगतपुरीकडे, जिथे श्रावणात आठ-आठ दिवस झड लागते, तिथे तर तीन-चार सेंटीमीटरच्या ताटलीत ज्युनिपर ठेवूच नका.

याच कारणानं तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर देऊन ‘निचरा’ वाढत नाही. ओला थर खडीच्या वर सरकतो, मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर जाळी लावा, बाकी सगळी जागा मातीला द्या.

पण खोली वाढवतच नेऊ नका. ३ सेंटीमीटर खोडाला १० सेंटीमीटर खोल कुंडी दिली तर खोड काडीसारखं दिसतं आणि मुळं खाली धावतात, बाजूंनी पसरत नाहीत. खोडाच्या जाडीच्या दीडपट ते दुपटीखाली राहिलात तर डोळ्यालाही खटकत नाही.

कशाची कुंडी

चांगल्या आचेवर भाजलेली, बाहेरून बिनझिलईची (ग्लेझ न दिलेली) सिरॅमिक कुंडी ज्युनिपरला सर्वांत योग्य. जपानमधलं तोकोनामे आणि चीनमधलं यिशिंग या कुंड्यांसाठी नावाजलेली गावं. आपल्याकडे बऱ्याच सिरॅमिक कुंड्या उत्तर प्रदेशातल्या खुर्जाहून येतात. त्यांत भाजणीचा दर्जा नगानगाला बदलतो, म्हणून प्रत्येक नग तपासून घ्यावा.

तपासणी सोपी आहे. कुंडी तळहातावर उपडी धरून बोटाच्या पेरानं टिचकी मारा. खणखणीत नाद आला तर भाजणी चांगली आणि तडा नाही. बद्द आवाज आला तर परत ठेवा. दुसरी कसोटी घरी: कोरडी कुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. एक किलोची कुंडी २०-४० ग्रॅमनी जड झाली तर ती पक्की भाजलेली आहे. १०० ग्रॅमच्या वर गेली तर ती साध्या मातीच्या कुंडीसारखी पाणी पिते, आणि तिचं वेळापत्रक वेगळं ठेवावं लागेल.

पाणी पिणारी मातीची कुंडी वाईट असते असं नाही. तिच्या भिंतीतून पाणी बाहेर येऊन वाफ होतं, मुळं गार राहतात. नाशिकच्या उन्हाळ्यात हा मोठा फायदा आहे. तोटा असा की छोट्या कुंडीत माती आधीच थोडी, त्यात भिंतही पाणी ओढते; पाणी एकदा चुकलं की क्षमा नाही. शिवाय मुळं खडबडीत आतल्या भिंतीला घट्ट चिकटतात आणि काढताना तुटतात. कुंभारवाड्यातून हवी तशी करून घ्यायची असेल तर आतली बाजू ओल्या कपड्यानं गुळगुळीत करायला आणि भोकं ओल्या मातीतच पाडायला सांगा. वरून ऑइल पेंट मारलेली घेऊ नका: भिंतीतलं पाणी रंगाच्या मागे अडतं, वर्षभरात पोपडे सुटतात.

प्लॅस्टिकचा बोन्साय ट्रे शिकण्यासाठी चालतो. हलका, स्वस्त, न फुटणारा. मात्र पश्चिमेच्या उन्हात काळं पातळ प्लॅस्टिक इतकं तापतं की त्या बाजूची मुळं भाजून निघतात. दुपारी तीननंतर कुंडीवर सावली पडेल अशी जागा द्या, झाडावर ऊन राहिलं तरी चालेल. कुंडीपुढे उभी टेकवलेली एक फरशीही पुरते.

सिमेंटची कुंडी छोट्या झाडाला नकोच. भिंत दोन-दोन सेंटीमीटर जाड. २० × १४ ची बाहेरून दिसणारी कुंडी आत १६ × १० च भरते. नव्या सिमेंटमधला चुनाही पाण्यात उतरत राहतो.

कोणतीही कुंडी असो, आतून झिलई नसावी. काठापासून आत बोटभर उतरलेली चालते. पूर्ण आत झिलई असलेली वस्तू बहुधा बाऊल म्हणून केलेली असते, कुंडी म्हणून नाही.

भोकं, पाय आणि तळ

दुकानातच कुंडीत पेलाभर पाणी ओता. सपाट जागी ठेवून पाणी पूर्ण निघतं का ते पाहा. कोपऱ्यात किंवा भोकांच्या कडेला पाणी साचलं तर तळ भाजताना वाकला आहे. ते डबकं पावसाळ्यात चार महिने तिथेच राहील. विक्रेता काहीही म्हणो, ही कुंडी सोडा.

२० सेंटीमीटरच्या कुंडीला दीड ते दोन सेंटीमीटरची निदान दोन भोकं हवीत. त्याशिवाय तार ओवायला ४-५ मिलिमीटरची चार बारीक भोकं असतील तर छान. नसतील तर तळाखालून भोकावर आडवा खिळा ठेवून तार त्याला अडकवता येते. पाय थोडे उंच असावेत. पाय नसलेली कुंडी ओल्या फरशीला चिकटून बसते आणि भोकं असून नसल्यासारखी होतात.

जादा भोक पाडायचं असेल तर हिरा-कणी लावलेलं १२ मिलिमीटरचं पोकळ बिट आणि बॅटरीवर चालणारं ड्रिल घ्या. कुंडी ओल्या वाळूत उपडी रुतवा. ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा. बिट आधी तिरकं टेकवून खाच पाडा, मग हळूहळू सरळ करा. थेंब-थेंब पाणी सोडत राहा आणि हातानं दाबू नका. तडे जातात ते शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये, घाई केल्यानं. सिरॅमिकची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून पाणी आणि मास्क दोन्ही हवेत.

काठ आत वळलेली, मटक्यासारखी कुंडी टाळा. दोन वर्षांनी मुळं आतून भरली की गड्डा तोंडातून बाहेर येत नाही. मग एक तर कुंडी फोडायची नाही तर मुळं करवतीनं कापायची.

आकार आणि रंग

खोड जाड, सरळ किंवा पांढऱ्या मृत लाकडाचं असेल तर स्पष्ट कडांची आयताकृती कुंडी. खोड वळणदार, फांद्या मऊ पसरलेल्या असतील तर लंबगोल. बारीक, उंच, वर थोडासाच पाला असलेल्या झाडाला लहान गोल. शेंडा कुंडीखाली झुकणारं झाड असेल तर उभी खोल कुंडी, आणि ती जड हवी. मे महिन्यातल्या वादळी वाऱ्यात गच्चीवरून सगळ्यात आधी कोसळतात त्या याच. तिला तारेनं कठड्याला बांधून ठेवा.

रंग विटकरी, तपकिरी, करडा. ज्युनिपरची साल लालसर-तपकिरी असते आणि पालवी गडद. मातकट कुंडी या दोन्हींना उठाव देते. चकचकीत निळी किंवा पांढरी झिलई डोळा आपल्याकडे ओढते. ती फुलाफळांच्या बोन्सायला शोभते. ही आवडीची बाब आहे. निळ्या कुंडीनं झाड मरत नाही, उथळ कुंडीनं मरतं.

मापाचा अंदाज येत नसेल तर पुठ्ठ्याच्या २० × १४ × ५ च्या खोक्यामागे झाड ठेवून, डोळा त्याच्या पातळीवर आणून दोन मीटरवरून पाहा. मोबाइलमध्ये फोटो काढून तो कृष्णधवल केला की तोल आणखी स्पष्ट दिसतो.

नव्या कुंडीत बसवताना

नाशिकमध्ये यासाठी सर्वांत चांगला काळ मकर संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंत. निफाडच्या बाजूला पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. ज्युनिपरला ती थंडी मानवते. थंडी ओसरू लागली की नवी मुळं फुटतात, आणि उन्हाळ्याआधी दोन महिने हातात मिळतात. एप्रिल-मेमध्ये कुंडी कितीही सुरेख मिळाली तरी झाडाला हात लावू नका.

आदल्या दिवशी झाडाला पाणी देऊ नका, गड्डा सहज सुटतो. नवी कुंडी मातीची असेल तर तासभर पाण्यात भिजवून घ्या; कोरडी राहिली तर ओल्या मातीतलं पाणी तीच आधी पिते. भोकांवर २-३ मिलिमीटर छिद्रांची प्लॅस्टिक जाळी तारेनं पक्की करा. मच्छरदाणीची जाळी नको, ती चिखलानं बंद होते. गड्डा बांधायला दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियम तार तळातून ओवून ठेवा.

माती म्हणजे खरं तर खडे. चांगल्या भाजलेल्या विटांचे तुकडे २ भाग, प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा कठीण मुरूम २ भाग, जुनं कुजलेलं गांडूळखत १ भाग. विटा आणि मुरूम ३ ते ५ मिलिमीटरमध्ये चाळा आणि पीठ झालेला भाग फेकून द्या. हे आळसानं टाळलं की पहिल्याच पावसात पिठाचा गाळ तळाशी बसतो. द्राक्ष-कांद्याची काळी माती यात चिमूटभरही नको: भिजली की फुगते, सुकली की भेगाळते, मुळं तुटतात.

मुळं एकतृतीयांशापेक्षा जास्त छाटू नका. खालची जाड, गोल फिरलेली मुळं आधी, बाजूची बारीक शेवटी. जुनी माती सगळी धुऊन काढू नका. खोडाखालचा गाभा तसाच ठेवा. मुळांशी जगणारी बुरशी त्यात असते आणि ती ज्युनिपरला हवी असते. त्याच वेळी पालवीची मोठी छाटणीही करू नका, कारण ज्युनिपरचा जोर पालवीत असतो. एका वर्षी कुंडी, पुढच्या वर्षी छाटणी.

आयताकृती किंवा लंबगोल कुंडीत झाड मधोमध बसवू नका. लांबीच्या साधारण एका तृतीयांशावर, मध्यरेषेच्या किंचित मागे, आणि मोठी फांदी रिकाम्या बाजूला झुकेल असं ठेवा. गोल किंवा चौकोनी कुंडीत मात्र मधोमध. तारेनं असं आवळा की खोड हलवलं तर कुंडीसकट हललं पाहिजे. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं रोज तुटतात. बांबूच्या काडीनं खडे मुळांच्या फटींत सारा, कोंबू नका. मग तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत बारीक झारीनं पाणी द्या.

पुढचे तीन-चार आठवडे हिरव्या शेडनेटखाली ठेवा, वारा थेट लागू देऊ नका, पालवीवर दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारा. खत दीड महिन्यानं.

काय बिघडतं आणि कुठे बघायचं

पालवी निस्तेज, राखाडी-हिरवी दिसू लागली तर लगेच जास्त पाणी घालू नका. आधी कुंडी उचलून वजन पाहा आणि काडी तीन सेंटीमीटर खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. काडी ओली आणि वास आंबट असेल तर मुळं गुदमरताहेत. जाळी गाळानं बंद झाली आहे का तपासा. काडी कोरडी असेल तर वरून घातलेलं पाणी गड्ड्याच्या बाजूंनी निसटून जातंय. कुंडी बादलीत काठापर्यंत वीस मिनिटं बुडवा, एकदाच. पालवीवर बारीक फिके ठिपके आणि कोळिष्टक दिसलं तर दोष कुंडीचा नसून उन्हाळ्यातल्या लाल कोळीचा आहे. पानांखालून जोरात पाणी मारून धुवा.

बोअरच्या पाण्यानं बिनझिलईच्या कुंडीवर पांढरे थर येतात. निम्मं पाणी घातलेला व्हिनेगर जुन्या टूथब्रशवर घेऊन घासा, मात्र थेंब मातीत जाऊ देऊ नका. गंगापूर धरणातून येणारं नळाचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं तर हा त्रास कमी होतो.

कुंडीखाली ताटली ठेवत असाल तर जूनपासून ती काढून टाका. पावसाची झड लांबली की कुंडीच्या एका टोकाच्या पायांखाली पाऊण विटेचा तुकडा ठेवून ती तिरकी करा. तिरकी झाली की कुंडीची उभी उंची वाढते आणि तळाचा ओला थर खालच्या टोकाकडे सरकून तिथल्या भोकातून बराचसा निघून जातो. म्हणून भोक असलेली बाजू खाली राहील हे पाहा, आणि पाऊस उघडला की वीट काढून घ्या.